मीटरखोलीतील वही

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत मीटरखोलीइतकी दुर्लक्षित जागा दुसरी नसेल. जिन्याखालची ती अंधारी, ओलसर खोली. तिच्यात कोणाची तरी जुनी सायकल, गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू, रंगाचे वाळलेले डबे, भिंतीवर ओळीने बसवलेले सदनिकांचे मीटर, आणि त्या ओळीच्या टोकाला, सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नसलेला, जिन्यातील दिवे, पाण्याचे पंप आणि लिफ्ट यांचा सामाईक मीटर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील अशा खोल्यांतून गेली सतरा वर्षे मी उभा राहत आलो आहे. आणि जुन्या इमारतींत वीजबचतीसाठी केलेले फेरफार किफायतशीर ठरतात की नाहीत, या प्रश्नाविषयी माझे जे मत बनले आहे, ते त्या शेवटच्या मीटरकडे पाहूनच बनले आहे.

माझी नोकरी कारखान्यातली. विद्युत विभागाचा कारभार पंचवीस वर्षे पाहताना प्रत्येक यंत्र किती वीज खाते आणि तिच्या बदल्यात किती काम देते, याची रोजच्या रोज नोंद ठेवण्याचा शिरस्ता अंगवळणी पडला होता. २००१ साली ऊर्जा संवर्धन अधिनियम झाला, १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली, आणि पुढे ब्यूरोने ऊर्जा लेखापरीक्षकांची परीक्षा सुरू केली तेव्हा मीही ती उत्तीर्ण झालो. परंतु या साऱ्या व्यवस्थेचा रोख प्रथमपासून मोठ्या कारखान्यांवर होता. निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता निघाली ती २०१८ च्या अखेरीस, आणि तीही मुख्यतः नव्याने बांधल्या जाणाऱ्या इमारतींसाठी. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या ज्या हजारो इमारतींत आपले मध्यमवर्गीय आयुष्य चालले आहे, त्यांच्या विजेचा हिशेब तपासणारा कोणी निरीक्षक नाही. ते काम १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली निवडून आलेल्या, दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री नऊनंतर बैठकीला बसणाऱ्या, बिनपगारी कार्यकारिणीच्या अंगावर येऊन पडते. आणि ती माणसे ते किती निष्ठेने पार पाडतात हे मी जवळून पाहिले असल्यामुळे त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

२००८ साली, निवृत्तीनंतर थोड्याच महिन्यांत, कोथरूडमधील एका संस्थेने मला बोलावले. वाहनतळावर सात मजले, बेचाळीस सदनिका, दोन लिफ्ट. महाराष्ट्रात ते भारनियमनाचे दिवस होते. वीज हा विषय प्रत्येकाच्या तोंडी होता, आणि सामाईक वीजबिलाची रक्कम दर वर्षी चढत असल्याने देखभाल शुल्क वाढवावे लागत होते. संस्थेचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांना सारी इमारत नाना म्हणत असे. नानांनी माझ्यापुढे सात वर्षांच्या बिलांची फाईल ठेवली आणि जिन्यातील दिवे बदलावेत की नाहीत, बदलल्यास कोणते घ्यावेत, एवढाच प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. परंतु फाईल चाळताना माझ्या ध्यानात आले की प्रत्येक बिलाची रक्कम, भरल्याची तारीख आणि धनादेशाचा क्रमांक यांची नोंद त्यांनी सुवाच्य अक्षरात केलेली होती. युनिटांची मात्र कोठेच नव्हती. रुपये वाढतात ते दर वाढल्यामुळेही वाढतात आणि वापर वाढल्यामुळेही वाढतात, आणि या दोहोंची फारकत केल्याखेरीज रोगाचे निदान होत नाही. मी नानांना म्हणालो, “दिव्यांचे मागाहून पाहू. आधी पंधरा दिवस मीटर वाचू या.”

त्या पंधरा दिवसांत माझे खरे सहकारी झाले ते तेथील पहारेकरी. त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मामा बीडकडचे, शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडा वाचण्यात आणि लिहिण्यात अत्यंत काटेकोर. मी एक दोनशे पानी वही आणून मीटरखोलीच्या खिळ्याला सुतळीने टांगली आणि रोज सकाळी सहा वाजता मीटरचा आकडा, तसेच प्रत्येक वेळी पंप सुरू आणि बंद केल्याची वेळ तीत लिहावी अशी त्यांना विनंती केली. एका दिवशीही ती नोंद चुकली नाही. पंधरवड्याअखेर जो तपशील हाती आला तो असा की इमारतीचा सामाईक वापर रोज सरासरी बहात्तर युनिट होता आणि त्यांपैकी पंचवीस युनिट, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, एकटा पाण्याचा पंप खात होता. ज्यांच्यासाठी मला बोलावले होते ते दिवे त्याच्या मागोमाग, तेवीस युनिटांवर होते.

येथे थोडे गणित सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, आणि वाचकांनी त्याचा कंटाळा करू नये, कारण पुढचा सारा व्यवहार त्यावर अवलंबून आहे. एक हजार लिटर पाणी तीस मीटर उंच चढवण्यास, कोणतीही गळती वा घर्षण नसेल तर, पदार्थविज्ञानाच्या नियमाप्रमाणे एका युनिटचा बारावा भाग पुरतो. बेचाळीस सदनिकांत सुमारे एकशे सत्तर माणसे. दरडोई एकशे पस्तीस लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले तर दिवसाला तेवीस हजार लिटर पाणी लागते, आणि ते वरच्या टाकीत पोहोचवण्याचे निव्वळ काम दोन युनिटांतही होते. पंप आणि मोटर यांत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते असे धरले, तरी खर्च पाच युनिटांच्या आसपास असायला हवा. पंचवीस कसे लागतात, हा प्रश्न मला दोन रात्री सोडीना.

तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो. टाकीचा तळ दहा चौरस मीटरांचा होता, म्हणजे पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर चढली की एक हजार लिटर पाणी आले असा सरळ हिशेब. एका बांबूच्या पट्टीवर खुणा करून आणि मामांना खाली पंपाशी उभे करून मी घड्याळ लावून पातळी मोजली: दहा मिनिटांत चौदा सेंटिमीटर. साडेसात अश्वशक्तीचा तो पंप ताशी जेमतेम आठ हजार चारशे लिटर पाणी चढवत होता आणि त्यासाठी साडेपाच किलोवॉट वीज घेत होता. शंभरातल्या बारा भागांचे काम आणि अठ्ठ्याऐंशी भागांची उष्णता व झीज, असा तो व्यवहार होता. पुढे कागदपत्रे पाहिली तेव्हा उलगडा झाला. मोटर सहा वर्षांत चार वेळा जळून रिवाइंडिंगला गेली होती, आणि ते काम नेहमी जो कमी पैसे सांगेल त्याच्याकडून करून घेतलेले होते. पंप मुळातच याहून कितीतरी उंच इमारतीसाठी बनवलेला होता. पंपाचे पाते झिजून पातळ झाले होते. आणि चढलेले पाणी परत खाली येऊ न देण्यासाठी बसवलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्यामुळे नळीतले पाणी प्रत्येक वेळी माघारी येत होते. तो पंप बसवणाऱ्याने इतकी मोठी अश्वशक्ती का सुचवली, असे मी नानांना विचारले. मोठा असलेला बरा, असे त्या वेळी सर्वांना वाटले होते, हे त्यांचे प्रामाणिक उत्तर मला पुढे अनेक संस्थांत जसेच्या तसे ऐकायला मिळाले.

पण एवढ्याने कोडे सुटत नव्हते, कारण पंप दिवसाला साडेचार तास चालत होता, म्हणजे तेवीस नव्हे तर अडतीस हजार लिटर पाणी रोज वर जात होते. वरचे पंधरा हजार कोठे जात होते? मामांना विचारले, पंप केव्हा बंद करता? ते म्हणाले, “पाणी मागल्या बाजूला खाली पडलं की बंद करतो, साहेब. टाकी भरल्याची तीच खूण. मी आलो तेव्हापासून अशीच वहिवाट आहे.” मामांच्या हातात नळ, फाटक आणि येणारी-जाणारी वाहने एकाच वेळी असत, त्यामुळे पाणी पडू लागल्यापासून बटण दाबेपर्यंत दहा-बारा मिनिटे जात, दिवसातून तीनदा, आणि ते सारे पाणी पावसाळी नळीतून गटारात जात असे. हे झाले सुमारे पाच हजार लिटर. उरलेल्यांसाठी मी एका रात्री एक ते चार गच्चीवर बसलो. सारी इमारत झोपलेली, एकही नळ उघडा नाही, आणि तरीही तीन तासांत टाकीची पातळी बारा सेंटिमीटरांहून अधिक उतरली. दुसऱ्या दिवशी दोन स्वयंसेवक घेऊन आम्ही घरोघर गेलो आणि प्रत्येक संडासाच्या फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालायच्या निळीचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबलो. चौऱ्याऐंशी टाक्यांपैकी एकतीस टाक्यांखालचे भांडे निळे झाले. कोणालाही आवाज येत नव्हता, कोणालाही ओल दिसत नव्हती, आणि रात्रंदिवस दहा हजार लिटर पाणी, सात मजले चढवून, पुन्हा खाली सोडले जात होते.

सर्वसाधारण सभेत मी तजवीज मांडली: तीन अश्वशक्तीचा योग्य उंचीचा पंप, नवा व्हॉल्व्ह, टाकी भरताच पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच, आणि एकतीस फ्लशच्या टाक्यांची दुरुस्ती, मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये. विरोध झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते. साडेसातच्या जागी तीन अश्वशक्ती बसवून पाणी वर चढणार कसे, हा पहिला आक्षेप. आणि खाजगी संडासांच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेने का सोसावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पट्टीवरच्या खुणांनी दिले. दुसऱ्याचे उत्तर नानांनी उभे राहून दिले. ते म्हणाले, “गळणारे पाणी तुमच्या घरात गळते, पण ते वर चढवण्याची वीज आपल्या सगळ्यांच्या मीटरवर पडते. वॉशर संस्थेचा समजा.” सिंकिंग फंडाला हात न लावता दुरुस्ती निधीतून रक्कम द्यावी असा त्यांचा आग्रह होता. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी पाव टक्का दरसाल जमा होत असतो. दुसरा निधी इमारतीच्या म्हातारपणाची बेगमी आहे आणि विजेच्या कामासाठी तो मोडू नये, हे त्यांचे मत मला तेव्हाही पटले आणि आजही पटते.

नवा पंप ताशी बारा हजार लिटर पाणी चढवू लागला, दिवसाला दोन तासांच्या आसपास चालू लागला, आणि पंचवीस युनिटांच्या जागी साडेपाच-सहा युनिटांत काम भागू लागले. वर्षाला सुमारे सात हजार युनिटांची बचत; युनिटला पाच रुपये धरून मी पस्तीस हजारांचा अंदाज दिला होता, म्हणजे दीड वर्षाच्या आत मुद्दल वसूल. प्रत्यक्षात ते त्याहून लवकर वसूल झाले, आणि त्याचे कारण मला नानांनी दाखवून दिले, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. निवासी वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो; पहिले शंभर युनिट सर्वांत स्वस्त, आणि पाचशेच्या पलीकडचे सर्वांत महाग. मी बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून बचतीला लावला होता. परंतु जे युनिट वाचते ते नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातले वाचते. बँकेत व्याजाचे टप्पे आयुष्यभर मोजलेल्या माणसाला हे लगेच दिसले. तेव्हापासून कोणत्याही संस्थेचा परतफेडीचा काळ काढताना मी वरच्या टप्प्याचाच दर धरतो.

दिव्यांचा प्रश्न मग पुष्कळ सोपा होता, आणि काही वर्षे थांबल्याने तो आणखी सोपा झाला. जिन्यात आणि वाहनतळावर छत्तीस ट्यूबलाइट होत्या; चाळीस वॉटची नळी आणि तिच्या तांब्याच्या चोकचे बारा-तेरा वॉट मिळून प्रत्येकी सुमारे त्रेपन्न वॉट, रोज बारा तास. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी दिव्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या, तेव्हा आम्ही वीस वॉटच्या पट्ट्या बसवल्या. रोजची चौदा युनिटे वाचली. ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक असल्याने तिच्यावर अधिक लिहीत नाही. एकच सांगतो. उत्साहाच्या भरात कोणी लिफ्टच्या यंत्रखोलीतील आणि पाण्याच्या टाकीजवळील दिवेही बदलायला सांगितले, आणि मी नाही म्हटले. जो दिवा दिवसातून दहा मिनिटे जळतो, तो बदलून वर्षाला अडीच युनिटेही वाचत नाहीत. तीनशे रुपयांची नवी पट्टी दहा वर्षांतही आपली किंमत भरून देत नाही. दिवा किती वॉटचा आहे हे प्रत्येकजण पाहतो, तो किती तास जळतो हे पाहिले पाहिजे.

त्याच कामात माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिची खंत मला अद्याप आहे. अधिक बचतीसाठी मी जिन्यात हालचाल ओळखून लागणारे आणि अर्ध्या मिनिटाने मालवणारे दिवे बसवण्याची शिफारस केली. कागदावर हिशेब उत्तम होता. तिसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहत. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असताना त्या एका संध्याकाळी जिना चढत होत्या आणि दोन मजल्यांच्या मधोमध दिवा गेला. कठड्याला धरून त्या अंधारात उभ्या राहिल्या, कोणीतरी खालून येईपर्यंत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाल्या, “बाळा, तुझ्या दिव्याला माझ्यापेक्षा घाई आहे रे.” त्याच आठवड्यात आम्ही प्रत्येक वळणावर पाच वॉटचा एक लहान, रात्रभर जळणारा दिवा बसवला, सोळा वळणांचे मिळून रोज जेमतेम एक युनिट. ते युनिट वाचवण्याचा विचार माझ्या मनात यायला नको होता. वृद्ध माणसे राहतात त्या जिन्यात पूर्ण मालवणारा दिवा मी त्यानंतर कोठेही सुचवलेला नाही.

लिफ्टविषयी थोडक्यात. लिफ्टच्या पेटीला तोलून धरणारे प्रतिवजन हे पेटीचे वजन आणि तिच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास भार एवढे असते. त्यामुळे रिकामी पेटी वर जाताना मोटरला ओढावे लागत नाही, रोखावे लागते. जुन्या मोटरीच्या जागी नव्या प्रकारचे, वेग हळूहळू वाढवणारे नियंत्रण बसवले की वीज वाचते हे खरे. परंतु सात मजल्यांच्या इमारतीत लिफ्टचा एकूण वापरच इतका बेताचा असतो की केवळ विजेच्या बचतीवर काही लाखांचा खर्च निघत नाही. लिफ्ट म्हातारी झाली आणि सुरक्षिततेसाठी बदलावीच लागली, तर त्या वेळी हे नियंत्रण अवश्य घ्यावे. हाच नियम घरातील पंख्यांना लागू आहे. पंचाहत्तर वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी तीस वॉटचा नवा पंखा उन्हाळ्या-पावसाळ्यात मिळून वर्षाला सव्वाशे-दीडशे युनिटे वाचवतो. चांगला चालणारा पंखा काढून टाकून घेतला तर सुमारे तीन वर्षांत, आणि जुना बिघडल्यावर घेतला तर दीड वर्षात वरचा खर्च भरून निघतो. दुरुस्तीची वेळ आलीच आहे, तेव्हा चांगले घेण्याचा जादा खर्च किती, एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

गच्चीने मला हा धडा अधिक खोलवर शिकवला. सिंहगड रस्त्यावरील एका इमारतीत शेवटच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहत. एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या शयनगृहाचे छत रात्री दोन वाजताही हाताला गरम लागत असे. दिवसभर तापलेला स्लॅब आपली उष्णता रात्री खाली सोडतो. गच्चीचा जुना कोबा शेवाळाने काळा पडला होता. दुपारी दोन वाजता त्याचे तापमान मी अठ्ठावन्न अंश मोजले, आणि शेजारच्या इमारतीतील पांढऱ्या चायना मोझेकचे त्रेचाळीस. संस्थेने पांढरा रंग द्यावा अशी गुरुजींची विनंती दोन सभांत नामंजूर झाली होती, कारण सहा मजल्यांनी एका मजल्यासाठी खर्च का करावा, असे मत पडले. रुपयांच्या हिशेबात पाहिले तर मला त्या सभासदांना दोष देता येईना. रंगाचा थर धुळीने आणि दोन पावसाळ्यांत उतरतो, आणि गुरुजींकडे वातानुकूलन यंत्र नसल्यामुळे वाचण्यासारखी वीजही नव्हती. मी वाट पाहायला सांगितले. तीन वर्षांनी गच्ची गळू लागली, जलरोधनाचे काम करणे भाग पडले, आणि त्या वेळी वरच्या थरात पांढऱ्या फरशीचे तुकडे घालण्याचा जादा खर्च एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने इतका अल्प निघाला की ठराव एकमताने झाला. पुढच्या मे महिन्यात गुरुजींनी मला बोलावून छताला हात लावायला लावले. त्यांच्या घरी चार युनिटेही वाचली नसतील. दोन माणसे रात्री झोपू लागली होती. वीजबिलात न उतरणारा हा लाभ किफायतीच्या व्याख्येत बसला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सौर पाणीतापकांची कहाणी दुःखद आहे. पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलत दिल्यामुळे अनेक संकुलांत ते बसले, आणि आज कित्येक गच्च्यांवर फुटक्या नळ्यांसह गंजत पडले आहेत. एका संकुलात बांधकाम व्यावसायिकाने बारीक खर्च वाचवण्यासाठी गरम पाण्याच्या नळ्यांना आवरणच घातले नव्हते. खालच्या मजल्यावरच्यांना गरम पाणी येईपर्यंत अर्धी-पाऊण बादली थंड पाणी सोडून द्यावे लागे, म्हणून त्यांनी कंटाळून विजेचे गीझर लावले. आवरण आणि पहाटे दोन तास पाणी फिरवणारा एक लहान पंप, एवढ्याने ते सारे पुन्हा चालू झाले.

अलीकडे मला बोलावणे येते ते बहुतेक सौरविजेसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट अठरा हजार रुपये अनुदान आहे, आणि ही मोठीच सोय झाली आहे. मी सौरविजेचा पुरस्कर्ता आहे. पण त्याआधीच्या काळातील चिंचवडच्या एका संस्थेचे उदाहरण मी प्रत्येक कार्यकारिणीला सांगतो. रोजचा सामाईक वापर नव्वद युनिट. एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट या हिशेबाने विक्रेत्याने बावीस किलोवॉटचे, बारा लाखांच्या घरातले दरपत्रक दिले होते. आकडेमोड अचूक होती. मी ठराव दोन महिने पुढे ढकलायला सांगितले. पंप, गळती आणि दिवे यांवर एक लाख साठ हजार खर्च झाले, वापर अठ्ठेचाळीस युनिटांवर आला, आणि बारा किलोवॉट पुरे झाले. गच्चीची बाराशे चौरस फूट जागा लागली, बावीसशे नव्हे; आणि भांडवलातील सुमारे साडेपाच लाख वाचले. मोठे यंत्र आधी बसवले असते आणि गळती मागाहून थांबवली असती, तर जवळजवळ निम्मी वीज वर्षअखेर वीज कंपनीला, आपण देतो त्या दराहून पुष्कळ कमी भावाने द्यावी लागली असती. सौरयंत्र गळक्या फ्लशसाठीही तितक्याच इमानाने वीज निर्माण करते; ती कोठे जाते हे त्याला विचारता येत नाही.

केलेले काम टिकवणे हा याहून अवघड भाग आहे. २०१२ साली मी कोथरूडच्या त्या संस्थेत सहज डोकावलो. मामा गावी परतले होते, वहीतील नोंद पाच महिन्यांपूर्वी थांबली होती, आणि सामाईक वापर पुन्हा चढला होता. टाकी साफ करताना कोणीतरी फ्लोट स्विच तारेने बांधून ठेवला होता आणि नंतर तो सोडायचे राहून गेले होते. पाणी पुन्हा मागल्या बाजूला पडत होते, आणि नवे पहारेकरी, कोणी न शिकवता, तीच खूण पाहून पंप बंद करीत होते. तार सोडायला दोन मिनिटे लागली. दुसऱ्या मजल्यावरील एका गृहिणीने त्या दिवसापासून वही आपल्याकडे घेतली. त्या सकाळी दूध घ्यायला खाली येतात तेव्हा मीटरचा आकडा टिपतात, आणि तो आदल्या दिवसापेक्षा पाच युनिटांनी जास्त दिसला तर त्याच दिवशी चिटणीसांना कळवतात. पहिली वही भरली, आता दुसरी चालू आहे. नाना आज नाहीत. त्यांच्या हातच्या बिलांच्या फाईलमध्ये २००८ नंतर प्रत्येक रकमेशेजारी युनिटांचा रकाना आहे.

ज्या संस्थांपुढे आज कोणाचे ना कोणाचे दरपत्रक मंजुरीसाठी पडले असेल, त्यांच्या चिटणीसांना आणि खजिनदारांना माझी हात जोडून विनंती आहे. त्यावर सही करण्यापूर्वी आज रात्री बारा वाजता मीटरखोलीत जा, सामाईक मीटरचा आकडा टिपा, गच्चीवर जाऊन टाकीची पातळी मोजा, आणि पहाटे चार वाजता दोन्ही पुन्हा पाहा. वही चाळीस रुपयांना मिळते.